द्राक्षमळ्यातला शास्त्रज्ञ : लुई पाश्चर



दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. ज्यांच्या नावावरून तो आला, त्या लुई पाश्चर यांनी ही पद्धत आधी दुधासाठी नव्हे, तर द्राक्षारसासाठी शोधली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी राहिले. गावाभोवती द्राक्षमळे होते. काळी द्राक्षे खुडायची, चिरडायची आणि रस सालींसकट पिंपात ठेवायचा, ही तिथली रीत. लाल रंग उतरतो तो सालींतून. काही दिवसांत रस फसफसतो, त्यातल्या साखरेचे मद्यार्क होते. मग तो गाळून लाकडी पिंपांत मुरवायचा आणि शेवटी चाखून पारखायचा.

पण वर्षभराच्या कष्टानंतर पिंप उघडावे, तर द्राक्षारस कधी आंबट, कधी कडू, कधी तेलकट झालेला असे. शेतकऱ्याचे मोठे नुकसान होई. परदेशी व्यापारही धोक्यात आला. १८६३ साली सम्राट तिसरा नेपोलियन याने पाश्चर यांना याचे कारण शोधण्यास सांगितले.

पाश्चर यांनी आर्ब्वातच साधीशी प्रयोगशाळा थाटली आणि बिघडलेल्या द्राक्षारसाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रस फसफसवणारे यीस्ट हा सजीव असतो, हे त्यांनी आधीच दाखवले होते. आता दिसले की, बिघाडामागेही सजीवच आहेत, पण वेगळे. एक रसाचा द्राक्षारस करतो, दुसरा द्राक्षारसाचा नास करतो. उपाय साधा निघाला. बंद बाटली साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. चव बिघडेल अशी व्यापाऱ्यांना भीती होती, म्हणून जाणकारांना तापवलेला आणि न तापवलेला असे दोन्ही द्राक्षारस चाखायला दिले गेले. तापवल्याने चव बिघडत नाही, हे पटले. १८६५ साली पाश्चर यांनी पेटंट घेतले आणि नंतर ते सर्वांसाठी खुले केले.

हे काम चालू असतानाच घरावर दुःख कोसळत होते. थोरली मुलगी १८५९ मध्येच विषमज्वराने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले आणि दोन वर्षांची धाकटी लेक गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची मुलगीही विषमज्वरानेच दगावली. त्याच वर्षी त्यांचे द्राक्षारसावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली. तरी हे काम थांबले नाही.

१८७८ साली त्यांनी आर्ब्वाजवळच्या आपल्या मळ्यातील काही वेलींवर काचघरे उभारली. त्यातले काही घड कापसात गुंडाळले. बाहेरचे यीस्ट त्या द्राक्षांवर बसू शकले नाही. ती चिरडल्यावर रस फसफसलाच नाही. बाहेरच्या, उघड्या द्राक्षांचा मात्र फसफसला. द्राक्षे उत्तम होती, पण बाहेरून येणारा तो अदृश्य पाहुणा आल्याशिवाय त्यांचा द्राक्षारस होत नव्हता.

१८८५ मध्ये त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस माणसाला प्रथमच दिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या एका हातात पत्नीचा हात होता आणि दुसऱ्या हातात क्रूस.

मिस्साबलीसाठी लागणारा द्राक्षारस निव्वळ द्राक्षांचा आणि न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आज वेदीवर तो अर्पण होताना दोन गोष्टी आठवू या. वेल आणि तिच्यावर उतरणारे यीस्ट ही देवाची देणगी. ती बिघडू न देता जपणे हे माणसाचे काम. आपल्या घरातली श्रद्धा आणि प्रेमही असेच आहे. मिळते फुकट, पण जपावे लागते, दुःखाच्या दिवसांतसुद्धा.

प्रभूमध्ये तुमचाच,
फादर