विष्णु दिगंबर पलुस्कर : कागदावर उतरलेला सूर

संगीत ही कानांनी ऐकण्याची विद्या आहे, डोळ्यांनी वाचण्याची नव्हे, अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक संदर्भग्रंथ शोधत असताना खालच्या फळीवर 'संगीत कला विहार' या मासिकाचे जुने बांधीव अंक हाती लागले आणि त्या समजुतीला तडा गेला. पानापानांवर सा, रे, ग, म अशी अक्षरे रकान्यांत मांडलेली होती. काही अक्षरांचा तर पाय मोडलेला होता! गावच्या भजनात वाढलेल्या मला पेटी, मृदंग, टाळ ठाऊक. पण गाणे असे कागदावर बसलेले मी कधी पाहिले नव्हते. संगीताच्या परीक्षा दिलेल्या एका वर्गमैत्रिणीने सांगितले, की पाय मोडलेला स्वर म्हणजे कोमल स्वर, आणि लेखनाची ही रीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची. हे मासिकही त्यांच्याच शिष्यपरिवाराने काढलेले. तेव्हापासून या थोर पुरुषाविषयी मिळेल ते मी वाचत गेलो. त्यातून जे उमगले, ते येथे मांडत आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धनांचे एक छोटे संस्थान होते. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. त्यामुळे घरात अभंग, पदे, आख्याने यांचा राबता होता. मुलगा शाळेत जात होता. चार बुके शिकून पुढे येईल अशी घरच्यांची अपेक्षा असावी. पण दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी कायमची अधू झाली. शाळा सुटली. ज्याला अक्षर नीट दिसत नाही त्याने करायचे काय, हा त्या घरापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर गाण्याने दिले.

मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. उत्तरेत जाऊन, हालअपेष्टा सोसून, ग्वाल्हेरची गायकी ज्यांनी महाराष्ट्रात आणली ते हे बुवा. त्यांच्यापाशी विष्णूने तालीम घेतली. वर्षांमागून वर्षे पहाटेपासून रियाज, गुरूची सेवा आणि पुन्हा रियाज. त्या काळची रीतच तशी होती. विद्या गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायची, मध्ये कागद नसायचा. गुरूची मर्जी असेल तर चीज मिळे, नाहीतर शिष्याने जन्मभर वाट पाहावी. अनेक घराण्यांतल्या खास चीजा तर घराबाहेर जात नसत. असे जपलेले धन जपणाऱ्याबरोबरच संपते, हे कुणाच्या ध्यानी येत नव्हते.

मिरजेस असतानाच त्यांच्या मनाला एक गोष्ट लागली. एका समारंभाला त्यांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. गवई म्हणजे मनोरंजन करणारा नोकर, त्याला मानाचे पान कशाला, अशी तेव्हाची वृत्ती होती. ही आठवण त्यांच्या चरित्रात हटकून सांगितली जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. राजाच्या पदरी राहून निवांत आयुष्य काढता आले असते. ते त्यांनी नाकारले.

पुढचा प्रवास मोठा आहे. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली आणि शेवटी पंजाब. सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केले. दरबाराऐवजी सार्वजनिक ठिकाणी, तिकीट लावून मैफल केली. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. शंकरपटाच्या दिवसांत झाडीपट्टीचे नाटक आपण तिकीट काढूनच रात्रभर बघतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रीय गायकाने असे करणे ही क्रांतीच होती. तिकिटाचे पैसे दिलेला श्रोता कुणाचा मिंधा नसतो आणि त्याच्यापुढे गाणाराही कुणाचा मिंधा राहत नाही. एका राजाऐवजी शेकडो सामान्य माणसे गाण्याची पोशिंदी होऊ शकतात, हे त्यांनी ओळखले.

मात्र त्यासाठी आधी ही माणसे तयार करायला हवी होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोणत्याही राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था होती. घर सोडून आलेला, परक्या भाषेच्या मुलखातला, दृष्टी अधू असलेला एक मराठी तरुण तेथे गाण्याची शाळा उघडून बसला! आरंभी विद्यार्थी मिळेनात. हळूहळू ते येऊ लागले. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांचा त्या कामात हातभार होता. काही विद्यार्थ्यांना अन्नवस्त्र देऊन, वर्षानुवर्षे जवळ ठेवून त्यांनी उपदेशक तयार केले. पुढे गावोगाव जाऊन संगीत शिकवणे हे त्यांचे व्रत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेत एका वेळी किती मुले बसणार? लाहोरची शाळा लाहोरपुरतीच. ही भिंत ओलांडायची कशी? विष्णु दिगंबरांनी छापखान्याचा आश्रय घेतला. स्वर, मात्रा, सप्तक दाखवणाऱ्या खुणा ठरवून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. नेहमीच्या खिळ्यांनी हे छापणे अवघड. म्हणून संस्थेचा स्वतःचा छापखाना उभा केला. 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' अशी पाठ्यपुस्तके भागाभागांनी निघाली. 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. ज्याची शाळा डोळ्यांपायी सुटली, त्याने इतरांच्या डोळ्यांपुढे सूर ठेवला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत हृद्य गोष्ट आहे.

पुस्तक असताना मासिक कशाला, असे कुणी विचारील. पुस्तक एकदा विकत घेतले की संपले. मासिक दर महिन्याला दारात येते आणि वाचकाला सवय लावते. आज थोडे कळले, उरलेले पुढच्या अंकात, अशी ओढ निर्माण करते. दूरच्या गावी एकटा बसलेला पेटीवाला आपल्यासारखे आणखीही आहेत हे त्यातून जाणतो. गाणाऱ्यांचा गाव असतो, तसा वाचणाऱ्यांचाही एक गाव मासिकामुळे वसतो. सगळ्यांना तानसेन करणे नव्हे, तर कानसेन करणे हे आपले काम, असा विष्णु दिगंबरांचा विचार सांगितला जातो. मासिकाचे काम तेच, कान तयार करण्याचे.

त्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही घरोघरच्या चीजा मिळवून छापत होते. त्यांची लेखनपद्धती निराळी. तीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. दोघांचे मार्ग वेगळे, मतेही वेगळी. पण बंद पेटीतले धन चव्हाट्यावर आणण्याचा ध्यास एकच.

एकच बाजू सांगणे बरे नव्हे. कागदावर लिहिलेला राग म्हणजे राग नव्हे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव कागदावर मावत नाही. शिवाय संगीत घरंदाज लोकांत नेण्यासाठी त्यांनी शृंगाराच्या चीजांचे शब्द बदलून भक्तिपर केले. गाण्याला प्रतिष्ठा मिळाली. पण ज्या कलावंतिणींनी पिढ्यान्‌पिढ्या हे गाणे जपले होते, त्या या नव्या प्रतिष्ठेच्या दाराबाहेर राहिल्या. थोर माणसाच्या कामाची ही किंमतही आपण नोंदवली पाहिजे.

१९०८ मध्ये विष्णु दिगंबर मुंबईत आले. तेथे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले, पुढे सँडहर्स्ट रोडवर भव्य इमारत उभी राहिली. पण तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटेना. रात्रंदिवस दौरे केले, मैफली केल्या. तरीही १९२० नंतरच्या काही वर्षांत ती इमारत लिलावात गेली. घरातही दुःख होते. मुलांमागून मुले गेली; वाचला तो एकटा दत्तात्रेय. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनीच या गायनाला हरकत घेतली, तरी त्यांनी गीत पुरे केले. उत्तरायुष्यात त्यांचे मन रामनामात रमले. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे विद्या मिळाली त्याच गावी, त्यांनी देह ठेवला. तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तोच द. वि. पलुस्कर म्हणून गाजला आणि १९५५ मध्ये अकाली गेला.

इमारत गेली, माणूस गेला. मग उरले काय? उरले ते शिष्य आणि कागद. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही सारी त्यांचीच माणसे. गुरूच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज खेड्यापाड्यांतली मुले ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. १९४७ मध्ये फाळणी झाली, लाहोर देशाबाहेर गेले. आणि त्याच वर्षी मंडळाचे 'संगीत कला विहार' सुरू झाले. देवधरांनी त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. त्यांनी ओळखले, की नुसत्या स्वरलिपीने वाचक येत नाहीत. म्हणून जुन्या गवयांना भेटून, त्यांच्या आठवणी ऐकून त्यांनी त्यांची जीवनचित्रे लिहिली. ती पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आली. ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही, तोही बुवा आणि खाँसाहेबांच्या गोष्टी वाचतो आणि मग त्यांचे गाणे ऐकायला निघतो. माझेच उदाहरण घ्या. मी आधी गोष्टी वाचल्या, सूर नंतर शोधले.

आज मोबाइलवर वाटेल त्या उस्तादाचे गाणे क्षणात ऐकता येते. ऐकायला काही नाही अशी अडचण उरली नाही. त्यात काय ऐकायचे, हे सांगणारा मात्र आजही लागतो. ते मासिकाचे काम कागदावर होवो की पडद्यावर, ते उरलेच आहे.

शेवटी घरची एक गोष्ट सांगून थांबतो. दिवाळीच्या सुटीत त्या अंकातल्या भैरवीतल्या एका पदाची स्वरलिपी मी वहीत उतरवून घेऊन गेलो आणि भजनमंडळाच्या पेटीवर एकेक पट्टी दाबत बसलो. दोन ओळीत दहा चुका. बाबा ओसरीवर दोर वळत होते. ते शाळेत गेले नाहीत. त्यांनी मान वर न करता ती चाल गुणगुणली, आणि माझे चुकलेले कोमल स्वर जागच्या जागी पडले. मी वही दाखवली. या खुणांत चाल राहते, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, की मंडईतल्या दंडारीत म्हणत असलेली जुनी पदेही अशी लिहिता येतात का? ती येणारी आमच्या गावात आता तीनच म्हातारी माणसे उरली आहेत. त्यांतले एक बाबांचे गुरू.

तेव्हापासून सुटीत मी त्या आजोबांपुढे वही घेऊन बसतो. चार पदे उतरवून झाली. पुष्कळसे निसटते, हे मला कळते. त्यांच्या गळ्यातली लकब माझ्या पायमोड्या अक्षरांत येत नाही. तरीही लिहितो आहे. राजाच्या पदरी न बसता लोकांच्या दारी सूर नेणाऱ्या त्या अधू दृष्टीच्या गवयाचे ऋण फेडण्याचा मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.