रोझेलची मावशी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक, जुन्या छायाचित्रातली गंभीर चेहऱ्याची, लुगडे नेसलेली तरुणी. आणि दुसरे, तिला शिकवायचेच असा ध्यास घेतलेला तिचा तापट नवरा. शाळेतल्या धड्याने, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने आणि २०१९ साली आलेल्या चित्रपटाने ही दोन माणसे घरोघर पोचवली. पण आमच्या ग्रंथालयात या विषयावरची पुस्तके चाळताना मला वारंवार एक तिसरे माणूस भेटत राहिले. ते ना पुण्याचे, ना कल्याणचे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल नावाच्या लहानशा गावात राहणारी ती एक गृहिणी होती. थिओडिसिया कार्पेंटर तिचे नाव. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. या मावशीच्या घराच्या उंबरठ्यावरून आनंदीबाईंचे चरित्र पाहावे, असे मला वाटले.

आधीची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. ३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणचे जोशी. वयाच्या नवव्या वर्षी पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी या बिजवराशी लग्न झाले. तो तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. त्याने तिचे नाव आनंदी ठेवले आणि हातात पुस्तक दिले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. योग्य औषधोपचार मिळाला असता तर तो वाचला असता, हे शल्य तिच्या मनात राहिले. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, हा विचार कुठल्या पुस्तकातून आलेला नव्हता. तो त्या रिकाम्या पाळण्यातून आला होता.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापूरहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, तर तिची आणि आपल्यासाठी एखाद्या नोकरीची सोय होईल का, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले, पण सोबत आधी ख्रिस्ती होण्याचा सल्लाही जोडला. म्हणजे दार उघडायला तयार, पण उंबऱ्याबाहेर काहीतरी ठेवून या, अशी अट! दुसऱ्याच्या दारात कामासाठी गेलेल्या माणसाला ही अट नवी नसते. कधी ती धर्माची असते, कधी भाषेची, कधी जातीची, आणि बरेचदा ती तोंडाने सांगितलीही जात नाही.

पुढची घटना मात्र एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला अतिरंजित म्हटले असते. १८८० साली थिओडिसियाबाई दात दाखवायला दंतवैद्याकडे गेल्या होत्या. तिथे पडलेला त्या मासिकाचा जुना अंक त्यांनी सहज हातात घेतला आणि त्यात हे पत्र वाचले. बाईंनी घरी येऊन थेट त्या अनोळखी हिंदू मुलीला पत्र लिहिले. त्यात अट नव्हती. आमच्या घरी या, एवढाच त्याचा मतलब. ते पत्र जोशी दांपत्याला मिळाले तेव्हा गोपाळरावांची बदली कच्छमध्ये भूजला झालेली होती. आनंदीबाईंचे वय पंधरा.

तेव्हापासून तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. एका बाजूला पोस्टाच्या बदल्यांमागे भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे भटकणारे मराठी बिऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला एका जागी स्थिर असलेले अमेरिकन कुटुंब. पत्रांत विषय तरी किती! सण, लग्ने, जेवण, कपडे, मुलाबाळांच्या खोड्या, देवधर्म. कलकत्त्याला आनंदीबाईंची डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा वाढला तेव्हा मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली. गुण आला नाही. पण समुद्रापलीकडची, कधी न पाहिलेली बाई आपल्या कपाळाला हात लावून पाहते आहे, हा दिलासा औषधाहून कमी नसावा.

हे सगळे चालू असताना इथे काय होते? नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या, वाचणाऱ्या या मुलीकडे लोक वळूनवळून पाहत. ही बाई परदेशी जाणार हे कळल्यावर तर टीकेला ऊत आला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने स्वतः उभे राहून इंग्रजीत भाषण केले. आपण का जातो, एकटे का जातो आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कसे येऊ, हे तिने मुद्देसूद सांगितले. वय अठराही पुरे नव्हते. मी एकोणीस वर्षांची आहे आणि आमच्या वर्गात पेपर वाचायला उभी राहिले तरी माझे गुडघे थरथरतात, हे इथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

अंगावरचे दागिने विकून तिकिटाचे पैसे उभे राहिले. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या. गोपाळराव मागे राहिले, सोबतीला मिशनरी बाया. ४ जून १८८३ ला बोट न्यूयॉर्कला लागली आणि धक्क्यावर मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या.

रोझेल हे न्यूयॉर्कपासून फार दूर नसलेले, रेल्वेलाइनवरचे छोटे गाव. मोठ्या इतिहासात त्याला जागा मिळाली ती वेगळ्याच कारणाने. त्याच वर्षी, १९ जानेवारी १८८३ ला, एडिसनने खांबांवरून तारा नेऊन या गावात विजेचे दिवे लावले होते. अशा रीतीने उजळलेले ते पहिले गाव मानले जाते. म्हणजे आनंदीबाई तिथे पोचल्या तेव्हा त्या दिव्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. माझ्या आजोळी वीज आली ती माझ्या आईच्या लग्नानंतर, सुमारे शंभर वर्षांनी! कंदिलाच्या उजेडात शिकलेली ती मुलगी संध्याकाळी या गावच्या रस्त्यावर उभी राहिली असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करते.

जून ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ चार महिने त्या या घरात राहिल्या. घर श्रीमंतांचे नव्हते, मध्यम स्थितीतले, मुलाबाळांचे होते. आनंदीबाई शाकाहारी. त्यांनी आपले खाणे सोडले नाही, कुंकू सोडले नाही, लुगडे सोडले नाही. घरातल्यांनीही ते सोडायला लावले नाही. उलट मावशींच्या मुलींना बांगड्यांचे आणि कुंकवाचे वेड लागले. आनंदीबाई एकदा हिंदुस्थानी पद्धतीचा स्वयंपाक करून पाहुण्यांना जेवायला बोलावतात, आलेल्या बायका त्यांची लुगडी नेसून बसतात आणि सगळे हातांनी जेवतात, हा प्रसंग चरित्रांत वाचताना हसूही येते आणि डोळेही भरून येतात. लुगडे सावरत मांडी घालताना त्या मेमसाहेबांची काय तारांबळ उडाली असेल!

इथे माझा एक अनुभव सांगितला तर वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबतात, आई चौथीपर्यंत शिकलेली. गेल्या दिवाळीत मी एका मैत्रिणीच्या घरी चार दिवस राहिले. माणसे अतिशय प्रेमळ होती. पण जेवण झाल्यावर ताट आपण घासायचे की तसेच ठेवायचे, सोफ्यावर टेकून बसायचे की काठावर, आईची भाषा आपल्या तोंडून निघाली तर ही माणसे हसतील का, या विचारांत माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या आजीने मला हक्काने लसूण सोलायला बसवले आणि मी सैलावले. पाहुण्याला सोडून देणे सोपे आणि डोक्यावर बसवणेही सोपे. त्याला घरातले काम सांगणे मात्र सगळ्यांना जमत नाही. रोझेलच्या घरातला तो स्वयंपाक मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी पाहुणी यजमान झाली होती.

सप्टेंबरअखेर आनंदीबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पण गाव मोठे, थंडी कडाक्याची. राहत्या खोलीतली शेगडी नीट चालेना. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. नऊवारीत घोटे आणि कंबर उघडी पडत, म्हणून त्या पुढे गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. परदेशात गेल्यावर परका वेष न घेता त्यांनी आपल्याच देशातला दुसरा वेष घेतला, ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. तरी खाण्याची आबाळ आणि थंडी यांनी मूळची नाजूक प्रकृती पोखरत गेली. अशा दिवसांत रोझेल हेच त्यांचे माहेर होते. सुट्टीत जायला एक घर होते आणि मधल्या काळात पत्र लिहायला एक पत्ता होता.

त्यांच्याविषयी लिहिणारे एक गोष्ट बहुधा चटकन उरकतात, ती मी उरकणार नाही. अमेरिकेत एका मिशनरी मंडळाच्या सभेत त्यांना बालविवाहावर बोलायला बोलावले होते. श्रोत्यांची अपेक्षा उघड होती. पण नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या, चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या आनंदीबाईंनी तिथे बालविवाहाची बाजू घेतली! मला हे पहिल्यांदा वाचून रागच आला. आजही त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. मात्र ज्या सभेत आपल्या घराची लक्तरे ऐकायला लोक जमले आहेत तिथे ती दाखवायची नाहीत, असे त्यांनी ठरवले असावे, असे मला वाटते. कारण घरातल्या माणसाशी त्या खरे बोलत. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलपीने मारलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, हे सारे त्यांनी अमेरिकेहून गोपाळरावांना पत्रात स्पष्ट लिहिले. इथे असताना असे लिहिण्याची सोय नव्हती. त्यासाठी मधे समुद्र लागला, आणि मला वाटते, ज्या घरात कुणी हात उगारत नाही असे एक घर पाहावे लागले.

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेत पोचले. ज्या देशात बायकोला शिकायला पाठवले त्याच देशावर जाहीर सभांत तोंडसुख घेत ते फिरले. त्यामुळे आनंदीबाईंची किती कोंडी झाली असेल! गोपाळरावांच्या हट्टाशिवाय हे शिक्षण झाले नसते हे खरेच आहे. पण शिकवणे आणि मोकळे सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी त्यांना साधली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

११ मार्च १८८६ ला पदवीदान झाले. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला होता. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. मग बोस्टनच्या रुग्णालयात काही काळ अनुभव घेतला, पण क्षयाने आता उघड डोके वर काढले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क सोडले. तीन वर्षांपूर्वी ज्या गावच्या धक्क्यावर मावशी घ्यायला आल्या होत्या, तिथूनच हा निरोप. १६ नोव्हेंबरला बोट मुंबईला लागली. लोकांनी स्वागत केले, वर्तमानपत्रांनी गोडवे गायिले. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर बसणे मात्र घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

पुढल्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. एका बाईचे चरित्र दुसऱ्या बाईने मराठीत लिहावे, हीही तेव्हा अपूर्वाई होती. आनंदीबाईंच्या शेवटच्या दिवसांवर या पुस्तकांत पुष्कळ मजकूर आहे. मी तो इथे देत नाही. तो ज्याने त्याने वाचावा.

गोपाळरावांनी मात्र शेवटी एक गोष्ट केली, आणि तिच्यासाठी मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. त्यांनी आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेला मावशींकडे पाठवल्या. मावशींनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या राखीव जागेत, त्या पुरल्या आणि वर दगड बसवला. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. आजूबाजूला मावशींच्या कुटुंबातली माणसे आहेत आणि त्यांच्यामध्ये ही एक जोशी.

(द्वितीय वर्ष कला)