विश्लेषण : आणखी कॅमेरा घ्यावा का? सावे दादांच्या ३३० रुपयांचा हिशेब

तुळशीचे लग्न लागले की मंठ्यात मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि फोटोग्राफरच्या ऑर्डरीही. या धंद्यात नव्याने उतरलेल्या तरुणापुढे हंगामाआधी एकच प्रश्न असतो. एक बॉडी, एक लेन्स, एक फ्लॅश हाताशी आहे. आता दुसरी बॉडी, गिम्बल, ड्रोन हप्त्यावर घ्यायचे की जालन्याहून भाड्याने आणायचे? सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मराठी फोटोग्राफरसमोर असाच पेच होता. त्याने यंत्र घेतले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे त्याचे नाव, आणि भारतात चलच्चित्र टिपणारा पहिला भारतीय म्हणून ते ओळखले जातात.

कोण होते सावे दादा?

जन्म १५ मार्च १८६८ चा. मुंबईत ते व्यक्तिचित्रे काढण्याचा व्यवसाय करीत. त्या काळात फोटो काढणे म्हणजे तिपाईवर ठेवलेला लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि समोर न हलता बसलेले गिऱ्हाईक. लोक फोटोग्राफरकडे येत, पैसे देत, काही दिवसांनी फोटो घेऊन जात. कामात फार थरार नव्हता, पण पैसे कोण देणार हे पहिल्या मिनिटापासून ठरलेले असे. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

१८९६ मध्ये नेमके काय बदलले?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. तिकीट होते एक रुपया. आठवडाभरात, १४ जुलैपासून, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि चार आण्यांपासून तिकिटे मिळू लागली. एक रुपयात फक्त साहेब आणि श्रीमंत पाहत होते, ते चार आण्यांत बाकीच्यांच्या आवाक्यात आले. भाटवडेकरांनी हे खेळ पाहिले आणि असे यंत्र आपल्याकडेही हवे, हे त्यांच्या मनाने घेतले.

काळ मात्र खरेदीचा नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ आली. लोक घरदार सोडून गावाकडे निघाले, बाजार ओस पडू लागले. फोटो काढून घेणे ही अशा दिवसांत कोणाचीही पहिली गरज नसते.

२१ गिनी म्हणजे किती पैसे?

सावे दादांनी इंग्लंडमधील रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणून २१ गिनी म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. पौंडाला १५ रुपये या तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. वॉटसन हॉटेलातल्या एक रुपयाच्या तिकिटांशी ताडून पाहिले तर ३३० प्रेक्षक. नॉव्हेल्टीतल्या चार आण्यांच्या तिकिटाने मोजले तर तेराशेहून अधिक.

हा खर्चही पूर्ण नव्हता. ल्युमिएर बंधूंचे यंत्र चित्रण करायचे, छापायचे आणि पडद्यावर दाखवायचेही. सावे दादांच्या हाती आला तो चित्रण करणारा कॅमेरा. फीत वेगळी विकत घ्यायची, ती धुऊन घ्यायला इंग्लंडला पाठवायची, आणि ती परत आल्यावर दाखवायला आणखी एक यंत्र लागणार. लेन्स घेतली की फिल्टर, फिल्टर घेतला की मोठी बॅग, बॅगेत जागा उरली म्हणून दुसरी लेन्स, हे चक्र आजच्या फोटोग्राफरला समजावून सांगावे लागत नाही. किमतीच्या चिठ्ठीवरचा आकडा हा नेहमीच पहिला हप्ता असतो.

पहिले चित्रण कुस्तीचेच का?

१८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती ठरवण्यात आली. पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी हे दोन मल्ल त्यात उतरले आणि सावे दादांनी ती लढत टिपली. विषय म्हणून ही निवड फार शहाणपणाची होती. तेव्हाच्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागे, म्हणून काम उघड्यावर हवे. तो तिपाईवर एका जागी उभा राही, म्हणून हालचाल ठरलेल्या चौकटीत हवी. फीत मिनिट-दोन मिनिटांत संपे, म्हणून सुरुवात कधी होणार हे आधी माहीत हवे. कुस्तीत हे सगळे जमते. मल्ल आखाड्याबाहेर जात नाहीत आणि सलामी झाल्याशिवाय भिडत नाहीत. नवे यंत्र हातात आल्यावर सर्वात अवघड काम अंगावर न घेता, त्या यंत्राला झेपेल असा प्रसंग त्यांनी स्वतः घडवून आणला. दुसरी फीत माकडे खेळवणाऱ्या माणसाची होती. त्यामागचे गणितही तेच.

दोन्ही फिती धुण्यासाठी लंडनला गेल्या. आगबोटीच्या टपालाला एका बाजूने सुमारे दोन आठवडे लागत. काम नीट उतरले की नाही, हे कळायला महिना-दीड महिना सहज जाई. आज स्क्रीनवर लगेच फोटो पाहून पुन्हा क्लिक करणाऱ्याला ही वाट पाहणे कल्पनेतही आणता येणार नाही.

पण या थांबण्याच्या काळात सावे दादा स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी फिती उघड्या मैदानात दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या आयुष्यातला सर्वात नेमका निर्णय कदाचित हाच. कॅमेऱ्याने फीत तयार होत होती, पण तिकिटाचे पैसे प्रोजेक्टर आणत होता. दुसरी खरेदी करताना त्यांनी आणखी चांगला कॅमेरा घेतला नाही. आपले काम जिथे अडत होते, तिथले यंत्र घेतले.

प्रसंग टिपणे का अवघड होते?

डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडहून परतले. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून सिनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. कोकणातल्या मुर्डी गावचा मुलगा इंग्रजांच्या विद्यापीठात पहिला येतो, याचे अप्रूप महाराष्ट्राला दोन वर्षे पुरले होते. त्यांच्या स्वागताला मुंबईत मोठी गर्दी लोटली आणि सावे दादा तिथे कॅमेरा घेऊन उभे होते. भारतातले पहिले वार्ताचित्र म्हणून या फितीचा उल्लेख होतो.

कुस्तीपेक्षा हे काम वेगळे होते. पाहुणा कोणत्या बाजूने येईल, गर्दी मध्ये घुसेल का, हँडल फिरवायला सुरुवात केल्यावर फीत संपेपर्यंत तो समोर राहील का, यातले काहीच फोटोग्राफरच्या हाती नाही. परांजप्यांना पुन्हा बोटीत पाठवता येत नाही. जसे अक्षता पडून गेल्यावर नवरा-नवरीला अंतरपाट धरून परत उभे करता येत नाही. कॅमेरा एकच, फीत एकच. सावे दादा हे काम करू शकले, कारण तोवर दोन वर्षे त्या यंत्राशी त्यांची ओळख झाली होती.

१ जानेवारी १९०३ रोजी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झनने दिल्लीत दरबार भरवला. सावे दादांनी तोही चित्रित केला. हत्ती, संस्थानिक, फौजा. त्या काळात देशातला याहून मोठा इव्हेंट नव्हता.

पैसे कोण देत होते?

इथे लग्नाच्या फोटोग्राफरची आणि सावे दादांची वाट वेगळी होते. परांजप्यांचे स्वागत टिपण्यासाठी त्यांना यजमान शोधायचा नव्हता. कमाई पुढे, तिकीट काढून ती फीत पाहणाऱ्यांकडून. मंठ्यातल्या लग्नात मात्र पैसे देणारा मांडवातच असतो, आणि त्याला काय हवे ते आधी विचारता येते. बहुतेक यजमानांना ड्रोनचे चार शॉट आवडतात, पण मामा-मावशी, आजी, शाळेतले मित्र यांच्यापैकी एकही चेहरा अल्बममधून सुटला तर पुढची ऑर्डर जाते.

म्हणून नवशिक्याने ड्रोनआधी दुसऱ्या बॉडीचा विचार करणे बरे. ती फोटो सुंदर करते म्हणून नव्हे. ऐन मंगलाष्टकांत पहिली बॉडी बंद पडली तर त्या घराशी संबंध टिकतो म्हणून. त्याहीआधी जादा बॅटरी, दोन जादा कार्डे आणि त्याच रात्री फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याची सवय. ड्रोन, गिम्बल, लांब पल्ल्याची लेन्स हंगामात मोजक्याच दिवशी लागत असेल तर ती भाड्याने आणावी. हंगामाच्या शेवटी भाड्याचा एकूण आकडा वर्षाच्या हप्त्यांच्या जवळ पोचला, तर खरेदीचा विचार रास्त ठरतो. पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांचा हप्ताही त्या हिशेबात धरायचा. कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात पीक बुडाले की लग्नाचे बजेटही आटते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कर्ज काढून यंत्र घेणे चुकीचे असते का?

सावे दादांनंतर दशकभराने आणखी एका मराठी फोटोग्राफरने याहून मोठी उडी घेतली. धुंडिराज गोविंद फाळके यांनी गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय करून पाहिला होता. तो नीट चालला नाही. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा ५० पौंडांना घेतला, म्हणजे सुमारे ७५० रुपयांना. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गळतो. परत आल्यावर फाळक्यांनी लगेच राजा हरिश्चंद्र सुरू केला नाही. आधी त्यांनी रोप उगवताना थोडे थोडे टिपून अंकुराची वाढ नावाचा छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. कर्ज मोठे होते, पण त्यावरचे पहिले काम घरच्या घरी, कुंडीतल्या रोपाचे होते.

सावे दादांचे पुढे काय झाले?

त्यांचा ओढा हळूहळू चित्रीकरणाकडून प्रदर्शनाकडे गेला. पुढे त्यांनी मुंबईच्या गेयटी थिएटरचा कारभार सांभाळला. तीच इमारत नंतर कॅपिटॉल झाली, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची. ज्या ठिकाणी पैसे येतात तिथे त्यांनी बस्तान बसवले. त्यांच्याच काळात कोलकात्यात हीरालाल सेन यांनीही फोटोग्राफीतून चलच्चित्रांत उडी घेतली होती. त्यांच्या फिती १९१७ मध्ये आगीत जळाल्या आणि त्याच वर्षी ते वारले.

सावे दादांना दीर्घ आयुष्य लाभले. २० फेब्रुवारी १९५८ रोजी ते गेले, तेव्हा नव्वदीला महिनाही उरला नव्हता. मूकपट आला, १९३१ मध्ये आलम आरा बोलला, १९५७ मध्ये मदर इंडिया रंगांत झळकला, हे सगळे त्यांच्या हयातीत झाले. हँगिंग गार्डनमधली कुस्ती आणि परांजप्यांच्या स्वागताची फीत मात्र आज पाहायला मिळत नाही.