समाजाचा अभ्यासक : इब्न खल्दून

मुलांनो, आज सकाळी तुम्ही रोटी खाल्ली असेल. ती किती जणांच्या कष्टांतून तयार झाली, याचा विचार तुम्ही केला आहे का? सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी एका विद्वानाने हा विचार केला. त्यांचे नाव इब्न खल्दून.

त्यांचा जन्म १३३२ साली उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस शहरात झाला. घरात विद्येचे वातावरण होते. लहानपणीच त्यांनी कुराण पाठ केले. पण १३४८-४९ मध्ये प्लेगची भयंकर साथ आली. त्या साथीत त्यांचे आईवडील आणि काही गुरुजन दगावले. ऐन तारुण्यात ते पोरके झाले.

पुढे त्यांनी अनेक दरबारांत काम केले. कधी मानाचे पद मिळाले, तर कधी तुरुंगवास! राज्ये उदयाला येताना आणि बुडताना त्यांनी जवळून पाहिली. शेवटी या धावपळीला कंटाळून १३७५ साली ते आजच्या अल्जीरियातील एका दूरच्या गढीत राहायला गेले. तेथे त्यांनी 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहिला. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना.

गंमत पाहा! एकांतात लिहिलेल्या या ग्रंथात त्यांनी सांगितले, की माणूस एकटा जगू शकत नाही. एका दिवसाच्या अन्नासाठीही गहू दळावा लागतो, पीठ मळावे लागते, रोटी भाजावी लागते. त्यासाठी लोहार, सुतार आणि कुंभार यांनी बनवलेल्या वस्तू लागतात. एकट्याला हे कसे जमणार? माणसांना एकत्र बांधणाऱ्या एकजुटीला त्यांनी 'असबिया' म्हटले. एकजुटीच्या बळावर टोळ्या राज्य मिळवतात. पुढे चैनीत ती एकजूट सैल होते आणि तीन-चार पिढ्यांत राज्य लयाला जाते.

मग एकट्या माणसाला काहीच मोल नाही का? आहे. अनेकांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये, ती बुद्धीने पारखावी, हेही त्यांनीच शिकवले.

ते स्वतःही तसेच वागले. १३८४ साली ते कैरोत काझी झाले. बड्या लोकांचा दबाव त्यांनी मानला नाही. त्यामुळे अनेक जण त्यांच्यावर उलटले. त्याच सुमारास ट्यूनिसहून निघालेले त्यांचे कुटुंब जहाज बुडून मरण पावले. हे दुःख उरात घेऊन ते लिहीत आणि शिकवत राहिले. १४०६ साली कैरोत त्यांचे निधन झाले.

मुलांनो, रोटी सर्वांनी मिळून तयार होते. पण खरे-खोटे ज्याचे त्यानेच पारखायचे असते.