वर्गप्रतिनिधी सुभाष

सुभाषचंद्र बोस म्हटले की लष्करी गणवेशातले नेताजी डोळ्यांसमोर येतात. दरवर्षी २३ जानेवारीला आपण त्याच रूपाला वंदन करतो. यंदा मी हाउसचा प्रीफेक्ट झालो आणि त्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. या वेळी सेनापतीपेक्षा वर्गप्रतिनिधी सुभाष मला जास्त जवळचा वाटला. फौज उभी करण्याच्या कितीतरी आधी ते आपल्यासारखेच एका वर्गाचे प्रतिनिधी होते.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी कटकला झाला. वडील जानकीनाथ नामांकित वकील. १९०२ मध्ये सुभाषना मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत घातले. तिथे युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुले जास्त. भारतीय मुलगा वर्गात पहिला आला तरी त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येत नसे, आणि शाळेच्या स्वयंसेवक पथकात भरती होऊन खांद्यावर रायफलही घेता येत नसे. १९०९ मध्ये ते रॅव्हेन्शॉ कॉलेजिएट स्कूलमध्ये गेले. इथे सगळी आपली मुले, पण त्यांना बंगाली लिहिता येईना. त्यांच्या पहिल्या निबंधावर सारा वर्ग हसला. त्यांनी जिद्दीने अभ्यास केला आणि वार्षिक परीक्षेत बंगालीतच सर्वांत जास्त गुण मिळवले. एका शाळेत जन्मामुळे आणि दुसऱ्या शाळेत भाषेमुळे बाहेरचे ठरणे म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच कळले होते. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ मला इथेच दिसते.

१९१३ मध्ये मॅट्रिकला विद्यापीठात दुसरे येऊन ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. पूर आणि दुष्काळ यांसाठी निधी गोळा करणे, मुलांची गाऱ्हाणी वरिष्ठांपुढे मांडणे, सहली काढणे अशा कामांत ते रमले. मुलांनी त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून सल्लागार समितीवर पाठवले. जानेवारी १९१६ मध्ये ओटेन नावाच्या इंग्रज प्राध्यापकांनी काही विद्यार्थ्यांना व्हरांड्यात धक्काबुक्की केली. प्रतिनिधी या नात्याने सुभाषबाबू थेट प्राचार्यांकडे गेले आणि रीतसर तक्रार मांडली. दाद मिळाली नाही तेव्हा संप झाला. नंतर समेट झाला, पण संपकऱ्यांचा दंड माफ झाला नाही. महिन्याभरात तसाच प्रकार पुन्हा घडल्याचे कळले आणि काही मुलांनी ओटेन यांना मारले.

चौकशी समितीपुढे सुभाषबाबूंनी मारहाणीचे समर्थन केले नाही. पण मुलांना किती डिवचले गेले होते, हेही सांगितले. सोबत्यांना दोष देऊन स्वतः सुटणे त्यांनी पत्करले नाही. परिणामी कॉलेजातून नाव काढले गेले आणि विद्यापीठाची दारे बंद झाली. हुशार मुलाचे वर्ष वाया गेले. प्रतिनिधीपणाची एवढी किंमत त्यांनी एकोणिसाव्या वर्षी मोजली.

कटकला परतल्यावर ते रिकामे बसले नाहीत. मित्रांबरोबर त्यांनी कॉलरा आणि देवीच्या रुग्णांची शुश्रूषा केली. तिथल्या एका वसतिगृहात एक संथाल विद्यार्थी राहत होता. तो कोण हे कळल्यावर एका नोकराने कुरबूर सुरू केली, त्याला काढा म्हणून इतर नोकरांनाही भरीला घातले. कोणी त्याचे ऐकले नाही. पुढे त्या विद्यार्थ्याला विषमज्वर झाला, तेव्हा सुभाषबाबू आणि त्यांच्या मित्रांनी मुद्दाम अधिक जिव्हाळ्याने त्याची सेवा केली. सुभाषबाबूंच्या आईही या सेवेत सामील झाल्या. नियम न करता, भाषण न देता वसतिगृह सर्वांचे झाले.

१९१७ मध्ये त्यांना स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाला. महायुद्ध चालू होते. दृष्टी कमजोर म्हणून पलटणीच्या भरतीत ते आधी नापास झाले होते. पण विद्यार्थ्यांची लष्करी तुकडी निघाली तेव्हा त्यांनी तिथे नाव घातले. फोर्ट विल्यमजवळ तंबू पडले. बंगाली मुले सैनिक होणार नाहीत, असे तेव्हा सर्रास मानले जाई. कॅप्टन ग्रे यांनी त्यांच्याकडून ड्रिल करून घेतली आणि मुलांनी तो समज खोटा ठरवला. रायफली घेण्यासाठी तुकडी किल्ल्याच्या आत शिरली, त्या दिवशी आपला हिरावलेला हक्क परत मिळाल्यासारखे सुभाषबाबूंना वाटले. कटकच्या शाळेत जी रायफल नाकारली गेली, ती इथे हातात आली. आज या किल्ल्यात आपल्या सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून त्याचे नाव विजय दुर्ग ठेवले आहे.

पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. आयसीएसमध्ये चौथा क्रमांक, १९२१ मध्ये राजीनामा, मग तुरुंगवास आणि लढा. विद्यार्थ्यांशी नाते मात्र तुटले नाही. डिसेंबर १९२९ मध्ये ते अमरावतीच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष होते. आझाद हिंद फौजेत निरनिराळ्या धर्मांचे सैनिक एकत्र जेवत. स्त्रियांची पलटण निघाली आणि तिला झाशीच्या राणीचे नाव दिले गेले.

मित्रांनो, फौज आपल्या हाती नाही, पण डॉर्मिटरी आहे. दर जूनमध्ये कोणी गडचिरोलीहून येतो, कोणी नंदुरबारहून. कोणाची बोली वेगळी, कोणाला इंग्रजी जमत नाही. आता सैनिकी शाळांत मुलीही आल्या आहेत. मेसमध्ये एकटा कोण जेवतो, हाउसच्या बैठकीत कधीच कोण बोलत नाही, आजारी पडलेल्या कॅडेटला भेटायला कोण गेले, हे पाहणे प्रीफेक्टचे काम आहे. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही. आमच्या हाउसच्या बैठकीत आता सर्वांत धाकटे कॅडेट आधी बोलतात आणि प्रीफेक्ट शेवटी. सुरुवातीला ते लाजत होते. मागच्या बैठकीत सहावीच्या एका कॅडेटने नळाला पाणी कमी येते अशी तक्रार मांडली, आणि ती घेऊन मी हाउसमास्तरांकडे गेलो.