डेनिस रिची आणि शेवटचं शून्य

मागच्या महिन्यात आमच्या टीमला एक्सएमएल वाचणारी एक लायब्ररी घाईघाईने अपडेट करावी लागली. लायब्ररी सी भाषेतली. मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की ती स्वतःच्या मेमरीची हद्द ओलांडून पुढचंही वाचत सुटायची. रात्री दोन वाजता पॅच टाकताना मी सी भाषेला मनसोक्त शिव्या घातल्या. मग ती बनवणाऱ्या माणसाबद्दल वाचत बसलो.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. डेनिस हार्वर्डला फिजिक्स शिकले, पुढे पीएचडीचा प्रबंधही लिहिला, पण पदवी काही पदरात पडली नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्समध्ये लागले. तिथे केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स घडलं, आणि थॉम्पसन यांच्या बी भाषेतून १९७१ ते १९७३ च्या दरम्यान रिचींनी सी घडवली.

आता गंमत बघा. बीच्या आधीच्या बीसीपीएल भाषेत स्ट्रिंगची लांबी तिच्या सुरुवातीलाच लिहिलेली असे. पण ती जागा छोटी, त्यामुळे स्ट्रिंगही छोटीच. शिवाय मोजदाद सांभाळायचा वैताग. म्हणून बीमध्ये लांबी काढून शेवटी एक खुणेचं अक्षर आलं, आणि रिचींनी सीमध्ये तीच पद्धत ठेवली: शेवटी शून्य. त्यांच्या पीडीपी-११ मशीनवर सुरुवातीला मेमरी होती २४ केबी! तेव्हा मीही हेच केलं असतं.

पण शून्य भेटेपर्यंत कॉपी करत राहणाऱ्या फंक्शनला समोरचा डबा केवढा आहे हे कळतच नाही. अ‍ॅरे फंक्शनला दिला की नुसता पत्ता पोचतो, आकार मागेच राहतो. आणि पार्सरचं तर कामच अनोळखी माणसाने पाठवलेले बाइट वाचायचं.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने याचाच फायदा घेतला. फिंगर सर्व्हरमध्ये ५१२ बाइटचा बफर होता आणि तो भरणारं गेट्स (बिल नव्हे!) हे फंक्शन आकार विचारतच नव्हतं. वर्म लिहिणाऱ्या मुलाचे वडील बेल लॅब्समध्येच युनिक्सवर काम केलेले.

रिचींना हे दिसत नव्हतं असं नाही. १९९० मध्ये त्यांनी अ‍ॅरेच्या पॉइंटरसोबत त्याचा आकारही नेण्याचा प्रस्ताव मांडला. स्टँडर्डने तो घेतला नाही. तरी गेट्स इतकी वर्षं का ठेवलं, हे मला अजून पटत नाही.

१९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार, २००७ मध्ये निवृत्ती. १२ ऑक्टोबर २०११ ला न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्सच्या घरी ते मृतावस्थेत सापडले. एकटेच राहायचे. आठवड्याभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्स गेले होते, त्यामुळे ही बातमी फार कुणाला कळलीच नाही.

त्याच डिसेंबरमध्ये सीचं नवं स्टँडर्ड आलं. त्यात गेट्स नव्हतं.