जेपींचं दुखणं

जयप्रकाश नारायण म्हटलं की आणीबाणी आठवते. त्यांच्या दुखण्याची गोष्ट मात्र मागेच राहते.

बिहारमधल्या सिताबदियारात १९०२ साली जन्म, १९२० मध्ये प्रभावतींशी लग्न. ते अमेरिकेत शिकत असताना गांधीजींच्या आश्रमात राहणाऱ्या प्रभावतींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. जेपींनी तेही निभावलं. सोपं नव्हतं हो! १९७३ मध्ये प्रभावती कर्करोगाने गेल्या आणि त्यांच्या खाण्यापिण्याकडे बघणारं हक्काचं माणूसच उरलं नाही.

मधुमेह होताच. जून १९७५ मध्ये अटक झाली, चंदीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध केलं. नोव्हेंबरमध्ये सुटले ते मुंबईच्या जसलोकमध्ये आले. तिथे कळलं, मूत्रपिंडं निकामी झालीत.

मूत्रपिंड बहुधा गुपचूप थकतं. लघवीतून प्रथिनं जातात, रक्तात क्रिएटिनिन चढतं, पुढे पायांवर सूज येते. अशा रुग्णांच्या रक्तात सीआरपीही पुष्कळदा वाढलेलं सापडतं, म्हणजे आत दाह धुमसत असतो. दुखत काहीच नाही, म्हणून आपण बायका तर तपासायलाही जात नाही.

मग आयुष्यभराचं डायलिसिस. यंत्रासाठी लोकांनी एकेक रुपया दिला; पंतप्रधान निधीतली मदत जेपींनी परत केली. त्याच अवस्थेत १९७७ ची निवडणूक त्यांनी गाजवली. मार्च १९७९ मध्ये तर ते जिवंत असतानाच संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली! ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात ते गेले. सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीनच दिवस उरले होते.